'अनॉय'ला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

ओळीमधली

एक प्रश्नावली मराठीत आणायचं काम सध्या हातात आहे आणि चार दिवस एकाच शब्दापाशी अडकले आहे. इथे भाषेवर जीव असलेले बरेच जण आहेत, म्हणून विचारते.

प्रश्नावली आवाजाबद्दल आहे. रस्ते, रेल्वे, विमानं यांच्या आवाजाचा घरात राहणाऱ्यांवर काय परिणाम होतो हे मोजण्यासाठी जगभर साधारण एकाच धाटणीचा प्रश्न विचारतात. त्याचं आयएसओ १५६६६ हे मानक २००३ साली आलं, २०२१ मध्ये ते सुधारलं. प्रश्नाचा आशय असा: गेल्या १२ महिन्यांत, तुम्ही घरी असताना, अमुक आवाजामुळे तुम्हाला किती... आणि इथे इंग्रजीत एक सोडून तीन क्रियापदं येतात. बॉदर, डिस्टर्ब ऑर अनॉय. उत्तरं पाच: मुळीच नाही, थोडं, मध्यम, खूप, अतिशय.

पहिल्या खर्ड्यात तिन्हींचं मिळून मी 'त्रास होतो' असं केलं आणि शेजारच्या काकूंना वाचून दाखवलं. त्यांची खिडकी थेट मोठ्या रस्त्यावर उघडते, रात्रभर अवजड गाड्या जातात. काकू म्हणाल्या, "छे गं, त्रास कसला? इतकी वर्षं झाली, सवय झाली." बोट 'मुळीच नाही'वर ठेवलं. मी कागदाची घडी घालत होते, तेवढ्यात खाली कोणीतरी हॉर्नवर हात दाबून धरला. काकूंनी खिडकी धाडकन लावली आणि म्हणाल्या, "वैताग आणलाय नुसता!"

आता यातलं कोणतं उत्तर खरं धरायचं? 'त्रास' विचारला तर शून्य, 'वैताग' विचारला असता तर बहुधा चार.

हा शब्दच्छल नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोपीय विभागाने २०१८ मध्ये रस्त्यावरच्या आवाजासाठी ५३ डेसिबलची मर्यादा सुचवली (दिवस, संध्याकाळ आणि रात्र यांची भारित सरासरी). तिथवर पोचताना एक मोठा निकष होता, तो म्हणजे 'हायली अनॉयड' लोकांचं प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास कुठे जातं. ० ते १० च्या पट्टीवर ८ किंवा वर सांगणारा माणूस सहसा त्यात मोजतात. म्हणजे धोरणाचा आकडा शेवटी लोकांना विचारलेल्या या एका शब्दावर उभा आहे.

'अनॉय'साठी तुम्ही काय वापराल? आणि का?

पाऊलवाट

'चिडचिड होते' का नको? माझ्या मते सगळ्यात जवळचा शब्द. राग नाही, दुःख नाही, पण स्वस्थताही नाही.

मास्तर_घरी

बरीच वर्षं इंग्रजी शिकवतोय, त्यामुळे या शब्दाशी रोजची गाठ. आधी वर्गातली एक गोष्ट सांगतो, कारण ती थेट तुमच्या प्रश्नाशी जाऊन भिडते.

एक मुलगी अगदी रडवेली होऊन वर्गात आली आणि म्हणाली, "सर, आय ॲम व्हेरी अनॉयिंग टुडे." तिला म्हणायचं होतं की आज मी फार वैतागले आहे. बोलली ते असं की आज मी इतरांना फार वैताग देते आहे. बाकीच्या तीसेक मुलांपैकी एकालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. 'अनॉयिंग' म्हणजे दुसऱ्याला वैतागवणारा, 'अनॉयड' म्हणजे स्वतः वैतागलेला, हे फळ्यावर लिहून झालं, वह्यांत उतरवून झालं, पुढच्या आठवड्यात पुन्हा तीच चूक.

मग मला उमगलं की चूक इंग्रजीत नाही, मराठीच्या सवयीत आहे. आपण म्हणतो 'मला वैताग आला' आणि आपणच म्हणतो 'हा माणूस म्हणजे वैताग आहे'. एकच शब्द मनातल्या भावनेलाही आणि ती आणणाऱ्यालाही. 'ताप' घ्या: डोक्याला ताप झाला, आणि ते पोरगं म्हणजे ताप आहे. 'कटकट' तशीच, 'त्रास' तसाच. कारण आणि परिणाम यांच्यामध्ये इंग्रजी जी भिंत घालते ती मराठीत या शब्दांना नाही. हे समजावून सांगितल्यापासून मुलं कमी चुकतात.

अजून एक. 'यू आर अनॉयिंग मी' आणि 'यू आर अनॉयिंग' या दोन वाक्यांत एका 'मी'चा फरक आहे, पण पहिलं 'आत्ता तू मला वैताग देतोयस' इतकंच सांगतं. दुसरं त्या माणसाच्या स्वभावावरच शिक्का मारतं. पहिलं बोलून माणसं पुन्हा एकत्र बसू शकतात. दुसरं लागून राहतं. मुलांना मी हे मुद्दाम सांगतो, कारण 'मी' गाळणं फार सोपं आहे.

शब्दयोगी भागही नीट बघावा. माणसावर वैतागलात तर 'अनॉयड विथ', गोष्टीवर किंवा घटनेवर 'अनॉयड ॲट' किंवा 'अबाउट', आणि कशामुळे हे सांगायचं तर 'बाय'. तुमच्या प्रश्नावलीत आवाज हे कारण आहे, म्हणजे 'बाय'. उच्चारात जोर 'नॉय'वर. दोन 'एन' दिसतात म्हणून 'ॲन्नॉय' म्हणू नये, पहिला 'अ' अगदी अर्धवट उच्चारायचा.

मुळाक्षर

धागा फार आवडला. व्युत्पत्तीचा थोडा भाग माझ्याकडून.

'अनॉय' इंग्रजीत तेराव्या शतकाच्या सुमारास जुन्या फ्रेंचमधून आला. त्याच्या मागे लॅटिनमधली एक बोलण्याची पद्धत आहे: 'मिही इन ओडिओ एस्त'. अर्थ, 'हे मला द्वेष्य आहे'. त्यातल्या 'इन ओडिओ'चं पुढे क्रियापद झालं. म्हणजे आज डासाच्या गुणगुणण्याला लावतो त्या शब्दाच्या पोटात मुळात 'द्वेष' आहे. 'ओडियस' हा इंग्रजी शब्द त्याच घरातला.

पण खरी गंमत पुढे आहे. हा एकच शब्द लॅटिनच्या लेकींनी वाटून घेतला आणि प्रत्येकीकडे त्याची वेगळी भावना झाली. स्पॅनिशमध्ये 'एनोहार' म्हणजे राग आणणं. इटालियनमध्ये 'अन्नोइआरे' म्हणजे कंटाळा आणणं, आणि 'नोइआ' म्हणजे कंटाळा. पोर्तुगीजमध्ये 'नोझू' म्हणजे किळस. फ्रेंच 'आन्वी' कंटाळ्याकडे झुकतो, आणि तोच शब्द इंग्रजीने पुढे दुसऱ्यांदा उचलला, जगण्याला आलेल्या कंटाळ्यासाठी. इंग्रजीकडे एकाच मुळाची दोन रोपं आहेत, एक वैतागाचं, एक कंटाळ्याचं.

राग, कंटाळा, किळस, वैताग. एका आईची चार लेकरं. तेव्हा ओळीमधली, तुम्हाला एक नेमका मराठी शब्द सापडत नाही यात तुमची काही कमतरता नाही. एका घराण्यातल्या भाषांचंसुद्धा यावर एकमत झालेलं नाही.

पूर्वीच्या इंग्रजीत 'अनॉय' आजच्यापेक्षा जड होता. इजा करणं, हानी पोचवणं असाही अर्थ होता. युद्धाच्या जुन्या वर्णनात 'शत्रूला अनॉय केलं' असं येतं, तिथे तोफा डागलेल्या असतात. याच शब्दाचा सुरुवातीचा 'अ' गळून 'नॉय' उरला आणि त्यातून 'नॉयसम' तयार झाला. त्याचा 'नॉइज'शी काही संबंध नाही. तो घाणेरड्या, बाधणाऱ्या वासासाठी वापरतात.

कोरा_कागद

मुळाक्षर, सुंदर प्रतिसाद. आपल्याकडचीही उदाहरणं आहेत की. संस्कृतात 'त्रस्' म्हणजे थरथरणं, घाबरणं, आणि 'त्रास' म्हणजे भीती. मराठीत आल्यावर भीती गेली, उपद्रव उरला. इंग्रजीतल्या 'व्हेक्स'च्या मागच्या लॅटिन क्रियापदाचाही मूळ अर्थ हलवणं, हिसके देणं असाच आहे. 'राग' तर संस्कृतात रंग आणि ओढ. 'अनुराग' म्हणताना आपण अजून तेच म्हणतो, आणि सुटा 'राग' मात्र क्रोध.

'ॲग्रव्हेट'मध्ये लॅटिन 'ग्राव्हिस' आहे, म्हणजे जड. तो आणि आपला 'गुरू' (जड या अर्थाचा) एकाच मुळाचे. म्हणजे जो ॲग्रव्हेट करतो तो ओझं वाढवतो. आणि बॉदर! हा शब्द आयर्लंडकडून इंग्रजीत आला असावा असं बहुतेक कोशकार मानतात. तिथला 'बोदर' म्हणजे बहिरा, आणि तो संस्कृत 'बधिर'चा भाऊबंद. कान बधिर होईस्तोवर बोलणं म्हणजे बॉदर. आवाजाच्या प्रश्नावलीत पहिलाच शब्द हा यावा, मला तर अंगावर काटा आला.

पाऊलवाट

कोरा_कागद +१. 'कान किटले' म्हणतो तेव्हा आपण तेच म्हणत असतो.

झोपाळा

सगळे मूळ शोधताय, मी रोजच्या बोलण्याकडे वळते. मला वाटतं मराठीत 'अनॉय'साठी शब्द नाही हे खरं नाहीच. उलट इतके आहेत की निवड अवघड होते. आणि ते बहुतेक कानाने घडवलेले आहेत.

कटकट, किरकिर, पिरपिर, भुणभुण, कुरकुर. सगळे दुहेरी, सगळे आधी आवाज आणि मग भावना. 'अनॉय' होण्यात जी पुनरावृत्ती लागते ती आपल्या शब्दांच्या बांधणीतच आहे. एकदाच वाजलेल्या आवाजाने माणूस दचकतो, वैतागत नाही. नळ एकदा ठिबकला तर कोणी उठत नाही. रात्री दोन वाजता तो ठिबकतो, तुम्ही पुढच्या थेंबाची वाट बघता, तो थोडा उशिरा पडतो, पुन्हा वाट बघता. पाण्याच्या आवाजापेक्षा ती वाट बघणंच झोप खातं.

आणि हे शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत. किरकिर तान्ह्या मुलाची, त्याला काय होतंय ते सांगता येत नाही. पिरपिर थोड्या मोठ्याची, त्याला काहीतरी हवंय आणि ते मिळेपर्यंत थांबणार नाही. भुणभुण कानाशी असते, कोणीतरी मागे लागलेलं असतं. कुरकुर स्वतःशीच, ऐकू जावी पण उत्तर मिळू नये इतकी. कटकट या सगळ्यांच्या वर, ती माणसाची असते, यंत्राची असते, नियमांचीही असते. इंग्रजीत या सगळ्यांपुढे 'अनॉयिंग' एवढंच लिहिलं तरी चालतं.

मग डोक्याचे शब्द. डोकं उठलं, डोक्याला ताप, भंडावून सोडलं. आणि आजकालचं 'तो माझ्या डोक्यात जातो'. हे मला 'ही इज सो अनॉयिंग'चं सगळ्यात सच्चं मराठी वाटतं. तो काही करत नाही, नुसता असतो, आणि तरी डोक्यात जातो.

सरळरेषा

एवढं सगळं आहे, पण प्रत्यक्षात सगळे 'इरिटेट होतंय' म्हणतात. प्रश्नावली लोकांच्या भाषेत हवी असेल तर 'इरिटेट'च का घेऊ नये? मी हे चिडवायला विचारत नाहीये, खरंच विचारतोय. माझी आईसुद्धा म्हणते.

मुळाक्षर

प्रश्न रास्त आहे, पण 'इरिटेट' आणि 'अनॉय' यांत फरक आहे आणि तो इथे महत्त्वाचा ठरतो.

'इरिटेट'ला स्पर्श लागतो. डोळ्यात धूर गेला, शर्टाच्या मानेपाशी शिवलेली पट्टी टोचते, त्वचेवर पुरळ आलं. शरीरशास्त्रात तर ही रीतसर संज्ञा होती. १७५० च्या दशकात आल्ब्रेख्त फॉन हालर या स्विस शरीरशास्त्रज्ञाने दाखवलं की स्नायूला डिवचलं की तो आकसतो, आणि त्या गुणाला त्याने 'इरिटेबिलिटी' म्हटलं. तिथे भावनेचा प्रश्नच नव्हता. 'इरिटेट' आजही त्या डिवचण्याच्या जवळ आहे.

'अनॉय'ला मात्र अपेक्षा लागते. मित्राने येतो म्हणून सांगितलं आणि कळवलंच नाही, तर इंग्रजीत तुम्ही 'अनॉयड' होता. डिवचायला समोर काही नाही, नसण्याचाच वैताग आहे. त्याला 'इरिटेट' म्हणवत नाही. मराठीत आपण तिथे काय म्हणतो? 'मला ते खटकलं.' किंवा जवळचा असेल तर 'मी नाराज आहे तुझ्यावर.'

मास्तर_घरी

'खटकलं' हा फार चांगला शब्द सापडला. 'आय वॉज अनॉयड दॅट...' अशा वाक्यांना मी आता तोच देईन.

उन्हाळपाखरू

कामाच्या ठिकाणचा अनुभव. परदेशातल्या एका सहकाऱ्याचा निरोप आला होता, त्यात 'आय ॲम अ बिट अनॉयड' असं होतं. मी मनात भाषांतर केलं, 'जरासा वैतागलोय', आणि दोन दिवसांनी निवांत उत्तर दिलं. तोपर्यंत प्रकरण वरपर्यंत गेलं होतं. तो चांगलाच संतापलेला होता. नंतर एका अनुभवी बाईंनी समजावलं की सभ्य इंग्रजीत राग असा पाण्यात कालवून देतात. 'अ बिट' लावल्याने राग कमी होत नाही, फक्त आवाज कमी होतो. तेव्हापासून असा शब्द वाचला की त्याच दिवशी फोन करते.

तुमच्या पाच उत्तरांतल्या 'थोडं'कडेही म्हणूनच लक्ष द्या. मराठी माणूस 'थोडा त्रास होतो' म्हणतो तेव्हा पुष्कळदा तो बराच असतो.

शांतघर

बरेच दिवस नुसती वाचत होते, आज लिहिते.

मला मिसोफोनिया आहे. ही संज्ञा २००१ मध्ये यास्त्रेबॉफ दांपत्याने मांडली. ग्रीकमध्ये 'मिसोस' म्हणजे द्वेष, 'फोने' म्हणजे आवाज. मुळाक्षर यांनी 'अनॉय'च्या पोटात द्वेष आहे असं लिहिलं तेव्हा मी थांबले. कारण बाकीच्यांसाठी तो शब्द निवळत गेला, माझ्यासाठी तो मूळ अर्थानेच उरला आहे.

समोरचा माणूस घास चावतो, त्या प्रत्येक चावण्यागणिक माझी मूठ आपोआप वळते. छाती धडधडते. तो माणूस माझा अतिशय लाडका असतो आणि त्या क्षणी मला खोलीतून पळून जायचं असतं. पेनाचं बटण टिकटिक करणं, नाकाने सुर्र करणं, हेही तसंच. "अगं, आम्हालाही वैताग येतो, दुर्लक्ष कर" असं लोक प्रेमाने सांगतात. पण दुर्लक्ष करता येतं तो वैताग. मला करता येत नाही. खूप वर्षं मला वाटायचं की मी दुष्ट आहे. नाव कळलं त्या दिवशी मी रडले होते.

म्हणून विनंती आहे. पट्टीच्या वरच्या टोकाचा शब्द असा ठेवा की माझ्यासारख्या माणसाला तिथे जागा मिळेल. 'खूप वैताग' माझ्यासाठी अपुरा आहे. 'सहन होत नाही' असं काही असलं तर मी तिथे खूण करेन.

झोपाळा

शांतघर, लिहिलंत हे फार बरं केलंत. मी स्वतः कोणाला तरी 'दुर्लक्ष कर' म्हणाले आहे. आता नाही म्हणणार.

कोरा_कागद

शेजारून अर्धंच ऐकू येणारं फोनवरचं बोलणं का इतकं डोक्यात जातं, यावर २०१० मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी काम केलं होतं. दोन्ही बाजू ऐकू येतात तेव्हा लक्ष तितकं उडत नाही. एकच बाजू आली की पुढचा शब्द कोणता याचा अंदाज बांधता येत नाही आणि मेंदू मागे लागतो. झोपाळा यांच्या नळाच्या थेंबाचंही मला हेच वाटतं. तो 'थोडा उशिरा पडतो' हे खरं कारण.

ओळीमधली

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रत्येक प्रतिसाद वहीत उतरवून घेतला आहे. आता काय केलं ते सांगते.

आधी लक्षात आलं की इंग्रजीत तीन क्रियापदं उगाच ठेवलेली नाहीत. एकाच शब्दात ही भावना मावत नाही हे तिथेही मान्य आहे. २००१ मध्ये हा प्रश्न नऊ भाषांत बसवला गेला, तेव्हा नुसते शब्द बदलून भागवलं नव्हतं. 'थोडं', 'खूप' असे शब्द त्या त्या भाषेतल्या लोकांना पट्टीवर कुठे वाटतात तेही तपासलं होतं. उन्हाळपाखरू म्हणते ते अगदी बरोबर होतं. मीही लहान प्रमाणावर तेच केलं. ओळखीच्या अकरा जणांना एक कोरी रेघ दिली आणि सांगितलं, 'जरा', 'थोडा', 'बऱ्यापैकी', 'खूप', 'अतिशय', 'प्रचंड', 'असह्य' यांच्या खुणा करा. 'बऱ्यापैकी' रेघेवर सगळीकडे सांडला. कोणी निम्म्यावर, कोणी पार टोकाशी. तो काढला. 'अतिशय' आणि 'खूप' बहुतेकांनी जवळजवळ एकाच जागी ठेवले. 'असह्य' मात्र सगळ्यांनी टोकाला. शांतघर, तुमच्यासाठी वरचं टोक आता 'असह्य' असं प्रस्तावित केलं आहे. मूळ इंग्रजी शब्दापेक्षा ते जास्त जड होतं का, हे तपासणाऱ्यांना वेगळं कळवलं आहे.

मग वाक्याची घडण. 'आवाज तुम्हाला किती त्रास देतो' असं एका मसुद्यात होतं. ते वाचून लोक आवाज करणाऱ्यांबद्दल बोलू लागले, शेजाऱ्यांची बाजू घेऊ लागले. "बिचारे पोटासाठी गाड्या चालवतात." 'देतो' म्हटलं की कोणीतरी दोषी शोधावा लागतो. 'होतो' आणि 'येतो' ठेवल्यावर माणसं स्वतःबद्दल बोलली.

आत्ताचं वाक्य असं आहे: 'गेल्या १२ महिन्यांत, तुम्ही घरी असताना, रस्त्यावरच्या वाहनांच्या आवाजाचा तुम्हाला किती त्रास होतो, किती व्यत्यय येतो किंवा किती वैताग येतो?'

'चिडचिड' मी शेवटपर्यंत धरून होते, पाऊलवाट. पण दोन आजोबा म्हणाले, "माझी कशाला चिडचिड होईल, मी शांत माणूस आहे." चिडचिड लोकांना आपल्या स्वभावातला दोष वाटते. वैताग बाहेरून येतो, त्यामुळे तो कबूल करायला जड जात नाही.

मास्तर_घरी

'व्यत्यय' पुस्तकी नाही का? माझ्या विद्यार्थ्यांच्या घरी हा शब्द कोणी बोलत नसेल.

ओळीमधली

बरोबर आहे, तो मलाही खुपतोय. 'मध्येच अडथळा येतो' करून बघते आहे. वाक्य लांबतं, पण समजतं.

काल पुन्हा काकूंकडे गेले. नवा कागद दिला, या वेळी मी काही वाचून दाखवलं नाही, चष्मा लावून त्यांनीच वाचला. 'वैताग येतो'पाशी बोट थांबलं. 'खूप'वर खूण केली. मग पेन माझ्याकडे न देता विचारलं, "याच्या शेजारी 'रात्री' असं लिहिलं तर चालेल का गं?" मी म्हटलं, लिहा. त्यांनी लिहिलं, आणि खाली रेघ ओढली.